आवाज पोचतो आहे का?

अमेरिकेला जाऊन आलो हे कळताच अंकाच्या संपादक मंडळातील विद्यार्थ्यांनी मला गाठले आणि 'सर, प्रवासवर्णन द्या' म्हणून गळ घातली. त्यांची निराशा होणार हे मला तेव्हाच ठाऊक होते. मी नायगारा पाहिला नाही, स्वातंत्र्यदेवतेचा पुतळाही नाही. २०२३ च्या उन्हाळ्याच्या सुटीतले सहा आठवडे मी विस्कॉन्सिन राज्यातील एका लहान गावी, थोरल्या भावाच्या गॅरेजमध्ये घालवले. तिथे मी वायरी ओढल्या. मराठीचा प्राध्यापक परदेशी जाऊन वायरी ओढतो, हे सांगण्यासारखे आहे की लपवण्यासारखे, याचा निर्णय वाचकांनीच करावा.

त्या गॅरेजमध्ये मोटार नव्हती, विमान होते. दोन आसनांचे, ॲल्युमिनियमचे, पंख काढून भिंतीला टेकवलेले. दादाने ते सुट्या भागांचा संच आणून सात वर्षे रिव्हेट मारीत उभे केले होते. ऑरेगनमधील रिचर्ड व्हॅनग्रुन्स्वेन यांनी १९७३ साली काढलेल्या कंपनीचा तो संच. त्यांच्या आराखड्यांवरून लोकांनी हाताने बांधलेली अकरा हजारांहून अधिक विमाने आजवर आकाशात गेली आहेत. विमानाचे निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने शिक्षणासाठी वा छंदासाठी स्वतः केले असेल, तर तपासणी करून 'प्रायोगिक' या वर्गात त्याला उडण्याचा परवाना देण्याची सोय तिथल्या कायद्यात आहे. आपल्याकडे कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले, २०१६ च्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले आणि २०१७ साली त्याची नोंदणी झाली. त्या नोंदणीसाठी त्यांना किती खेटे घालावे लागले हे ज्यांनी वर्तमानपत्रांत वाचले असेल, त्यांना दादाच्या गॅरेजचे अप्रूप वाटेल.

मी गेलो तेव्हा सांगाडा, इंजिन, चाके सगळे जागेवर होते. उरली होती ती वीज आणि रेडिओ. आणि या दोन गोष्टींवरून घरात शीतयुद्ध चालू होते.

आमच्या आप्पांचे मिरजेत रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते, सतारमेकर गल्लीपासून हाकेच्या अंतरावर. एका बाजूला सतारीच्या तारा जुळवल्या जात आणि आमच्या बाजूला सांगली केंद्राची खरखर घालवली जाई. दादा त्या दुकानातच सोल्डरिंग शिकला. मी मात्र फळीवर बसून गाणी ऐकली. त्यामुळे तो अभियंता झाला आणि मी मराठीकडे गेलो. आप्पांचे एक म्हणणे होते : "पेटीकडे बघू नका, आधी एरियल आणि अर्थिंग बघा." गिऱ्हाईक नवा रेडिओ घ्यायला निघाला असला, तरी आप्पा आधी त्याच्या छपरावर चढत आणि पुष्कळदा नवा रेडिओ घेण्याची गरजच उरत नसे. धंदा म्हणून हे काही फार शहाणपणाचे नव्हते.

वहिनींची अट एकच होती. सात वर्षे त्यांनी रिव्हेटांचे आवाज सोसले होते. पण विमान उडवायचे असेल तर "मला तुमचा आवाज ऐकू आला पाहिजे," असे त्यांनी दादाला निक्षून सांगितले होते. दादाने याचा अर्थ 'भारी रेडिओ घ्यावा' असा लावला. स्पर्शाने चालणारा मोठा पडदा, त्यात नकाशा, त्यातच एक रेडिओ आणि शेजारी तशाच जातीचा दुसरा. माहितीपत्रके जेवणाच्या टेबलावर पसरलेली असत. वहिनी ती उचलून बाजूला ठेवीत आणि पोळ्या वाढीत.

अशा विमानाचा रेडिओ म्हणजे काय, हे मला आधी समजून घ्यावे लागले. तो ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात बोलतो. अमेरिकेत या पट्ट्याचे पंचवीस किलोहर्ट्झच्या अंतराने ७६० कप्पे पाडलेले आहेत. युरोपात गर्दी वाढली म्हणून एकेका कप्प्याचे तीन केले, तेव्हा तिथे जुना रेडिओ चालत नाही. गंमत अशी, की एवढ्या आधुनिक कामालाही आप्पांच्या मीडियम वेव्हचीच जुनी पद्धत, म्हणजे ए.एम., वापरतात. एफ.एम. इतके स्वच्छ असताना हे कशासाठी? दादाने दिलेले कारण मला फार आवडले. एफ.एम.वर दोघे एकदम बोलले, तर जोरकस आवाज दुर्बळाला पार गिळतो आणि दुसरा कोणी बोलत होता याचा पत्ताही लागत नाही. ए.एम.वर दोघे एकदम बोलले, की कर्कश शिट्टी वाजते. शब्द कळत नाहीत, पण काहीतरी आपल्या कानातून निसटले एवढे कळते.

मात्र ती शिट्टी ऐकून थांबायला हवे. २७ मार्च १९७७ रोजी तेनेरीफ बेटावर धुके होते. मनोऱ्यातील नियंत्रक आणि पॅन ॲम कंपनीचे वैमानिक एकाच क्षणी बोलले आणि के.एल.एम.च्या वैमानिकांच्या कानी त्यातली शिट्टीच तेवढी पोचली. आपण अजून धावपट्टीवरच आहोत, हे पॅन ॲमचे वाक्य त्या शिट्टीत बुडाले. दोन प्रचंड विमाने धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे गेली. कारणे अनेक होती, पण त्यांत हेही एक होते. दादाने हे सांगितले, तेव्हा वहिनी पोळी लाटता लाटता थांबल्या होत्या.

हौशी विमानकारांच्या संघटनेची अमेरिकेत गावोगावी मंडळे आहेत. १९५३ साली पॉल पोबेरेझ्नी यांनी विस्कॉन्सिनमध्येच तिचा आरंभ केला. तिथल्या मंडळातले एक वृद्ध गृहस्थ दर शनिवारी दादाचे काम पाहायला येत. त्यांनी स्वतः दोन विमाने बांधलेली. माहितीपत्रके त्यांनी शांतपणे चाळली आणि दादाला विचारले, "हे दोन्ही रेडिओ वीज कुठून घेणार?" दादा म्हणाला, "मुख्य पट्टीवरून." "आणि मुख्य स्विच मेला तर?"

दादा गप्प झाला. एकाच वायरीवर जगणारे दोन रेडिओ हे दोन रेडिओ नव्हेतच. एकाच खुंटीला टांगलेले ते दोन सदरे. खुंटी निखळली, की दोन्ही खाली.

त्या रात्री दादाने कान्ससचे रॉबर्ट नकल्स यांचे 'एरोइलेक्ट्रिक कनेक्शन' हे पुस्तक पुन्हा काढले. हौशी विमानकारांमध्ये त्या पुस्तकाला मोठा मान आहे. त्याचा रोख असा, की उपकरण कधीच बिघडणार नाही अशी आशा धरू नये. ते बिघडले तरी संकट ओढवू नये अशी मांडणी करावी. दादाने केलेली मांडणी मला समजली ती अशी. बॅटरीची वीज एका मोठ्या विद्युत्‌चलित स्विचमधून मुख्य पट्टीवर येते आणि तिथून सगळ्यांना जाते. शेजारी एक छोटी पट्टी असते. तिच्यावर फक्त अत्यावश्यक तेवढेच, म्हणजे एक रेडिओ, दिशा दाखवणारे एक उपकरण आणि एक मंद दिवा. या छोट्या पट्टीला एरवी मुख्य पट्टीकडून डायोडमधून वीज मिळते. डायोड म्हणजे एकाच बाजूला उघडणारे दार. मुख्य वाट बंद पडली, तर वैमानिक एक बटन दाबून थेट बॅटरीकडून छोट्या पट्टीला वीज देतो आणि डायोडमुळे ती उलटी मुख्य पट्टीकडे पळून जात नाही. मला आमच्या वाड्याची आठवण झाली. दिवाणखान्यातला दिवा गेला, तरी देवघरातली समई तेवत असे आणि तेवढ्या उजेडात घरातले चालता येई.

रेडिओची निवड यानंतर आपोआप झाली. पडद्यातला रेडिओ गेला. दोन खऱ्या गुंड्यांचा, छोट्या गोल भोकात बसणारा एक साधा रेडिओ आला. हवेत विमान हेलकावे खात असताना काचेवर नेमके बोट टेकवणे कठीण, गुंडी मात्र चाचपडूनही सापडते. भर उन्हात आकडे वाचता येतात की नाही, हे दादाने दुकानदाराला अंगणात नेऊन पाहिले. ऐकताना तो किती वीज खातो आणि बोलताना किती, हे पाहिले, कारण जनित्र बंद पडले तर बॅटरीवर किती वेळ बोलता येईल हे त्यावर ठरते. एका वारंवारतेवर बोलत असताना दुसरीवर कान ठेवता येतो का, हेही पाहिले. सहा वॉट घ्यावे की दहा, यावर मात्र त्याने फारसा खल केला नाही. हे आवाज सरळ रेषेत जातात. क्षितिजाआड गेल्यावर वॉट कामाचे नाहीत. हजार फुटांवरून क्षितिज सुमारे बहात्तर किलोमीटरवर असते. आणखी दूर ऐकू जायचे असेल, तर वर चढावे हाच उपाय.

दुसरा रेडिओ वहिनींनी आणला. हातात धरायचा, स्वतःच्या बॅटरीवर चालणारा. विमानाची सगळी वीज गेली तरी त्याचे काही बिघडत नाही. फक्त त्याचे रबरी एरियल विमानाच्या आत फारसे काम देत नाही, म्हणून दादाने बाहेरच्या एरियलची वायर ऐन वेळी त्याला जोडता येईल अशी सोय पुढच्या फळीवर केली. सर्वात स्वस्त वस्तू आणि सर्वात स्वतंत्र. वहिनींना विजेतले काही कळत नाही, असे आम्ही दोघेही समजत होतो.

एरियलकडे आलो तेव्हा मला सतारमेकर गल्लीत परतल्यासारखे वाटले. तारेची लांबी आणि सूर यांचे जे नाते, तेच एरियलची लांबी आणि लहर यांचे. या पट्ट्याच्या मध्याची पाव लहर सुमारे एकोणसाठ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ दोन फूट. पण ती दोन फुटांची काडी हे अर्धेच एरियल. उरलेले अर्धे म्हणजे विमानाचा धातूचा पत्रा. म्हणून काडी जिथे बसवायची, तिथला रंग खरवडून पत्रा उघडा करावा लागतो. विमान लाकडी वा काचतंतूंचे असेल, तर आतून धातूच्या पट्ट्या चिकटवून हे अर्धे अंग कृत्रिम करावे लागते. दादाने दोन संध्याकाळ पोटाखाली उताणे पडून तो पत्रा घासला. आप्पा छपरावर चढत, हा खाली निजला होता; काम एकच.

माझ्या वाट्याला वायरी आल्या. त्या साध्या घरगुती वायरी नव्हेत. टेफझेल नावाच्या आवरणाच्या, कथिल चढवलेल्या बारीक तांब्याच्या एकोणीस तारांच्या. हे आवरण दीडशे अंश सेल्सियसपर्यंत टिकते. घरातल्या वायरीचे पी.व्ही.सी. जळले, तर गुदमरवणारा आम्लारी धूर होतो आणि त्या कोठडीएवढ्या जागेतून पळायला वाट नसते. प्रत्येक वायरीच्या टोकाला थिंबल बसवायचे, ते खास पकडीने दाबून. पकड पुरती दाबल्याखेरीज सुटत नाही, अशी तिची रचना असते. आप्पांचा जन्म सोल्डरिंगमध्ये गेलेला. त्यांना हे दाबणे अडाणीपणाचे वाटले असते. सोल्डरही वाईट नाही, दादाने समजावले. पण कथिल जिथे संपते तिथे वायर ताठ होते, आणि इंजिनाच्या थरथरीने ती नेमकी तिथेच तुटते. सांधा कसाही करा, त्याच्या मागच्या वायरीला आधार हवा. मी प्रत्येक वायर ओढून पाहायची, तिला नाव लिहिलेली नळी चढवायची आणि पत्र्याच्या धारेला ती घासत नाही ना हे बोट फिरवून पाहायचे, असे माझे काम. फ्यूज उपकरणासाठी नसून वायरीसाठी असतो, हे मला पन्नाशीत कळले. वायर पेटण्याआधी फ्यूजने जावे, यासाठी त्याचा जन्म.

जूनच्या पहिल्या आठवड्यात इंजिन चालू केले. मी शेजारच्या आसनावर. हेडफोनमध्ये दादाचा आवाज आला आणि त्याच्यामागे एक बारीक सूर. इंजिनाचा वेग वाढवला, की सूर चढे. कमी केला, की उतरे. दादाने जनित्र बंद केले आणि सूर थांबला. म्हणजे उगम कळला. पण जनित्राचा आवाज आमच्या कानात शिरतो कुठून, हे कळेना. तीन दिवस तो मीटर लावून बसला. चौथ्या दिवशी मी सहज माझ्या हेडफोनची पिन सरळ करायला हात लावला, तर सूर तुटला. हात काढला, पुन्हा लागला.

ज्या भोकात ती पिन बसते, त्याचे धातूचे अंग पुढच्या फळीला टेकू नये म्हणून मध्ये एक चकती असते. ती तडकली होती. त्यामुळे हेडफोनमधून परतणाऱ्या विजेला दोन वाटा झाल्या होत्या : एक तिची स्वतःची वायर आणि दुसरी विमानाच्या अंगातून. त्या अंगातून जनित्राची आणि दिव्यांचीही वीज वाहते. तिचा गलबला ती बरोबर घेऊन येई. म्हणूनच सगळ्या परतीच्या वायरी एकाच जागी आणून बांधाव्यात, असे जाणकार सांगतात. चार आण्यांची चकती बदलली. दादाने इंजिन चालू केले, आणि कानात नुसती शांतता. आप्पा असते, तर "अर्थिंग बघा म्हणालो होतो" एवढेच म्हणाले असते.

तपासनीस येऊन गेला, परवाना मिळाला. पहिल्या उड्डाणाला दादा एकटाच. परीक्षेच्या काळात विनाकारण कोणाला बरोबर घेता येत नाही. त्या धावपट्टीला मनोरा नाही. तिथे वैमानिक ठरलेल्या वारंवारतेवर आपापली जागा एकमेकांना सांगतात. हातातला रेडिओ त्या दिवशी जमिनीवर वहिनींकडे होता. परवान्यावाचून त्यांना त्यावरून बोलता येणार नव्हते, ऐकता मात्र येणार होते. रेडिओ बंद पडला तर दादाने काय करायचे, हे ठरलेले होते : दुसऱ्या उपकरणावर ७६०० हा आकडा लावायचा, मंडल घालून उतरायचे. वहिनींना तो आकडा पाठ झाला होता.

विमान उठले, लहान झाले आणि एका ढगाच्या कडेला दिसेनासे झाले. मग रेडिओतून दादाचा आवाज आला. नोंदणी क्रमांक, उंची, दिशा. पुन्हा काही मिनिटांनी तेच. त्यात 'मी ठीक आहे' असे कुठे नव्हते; पण आम्ही तेच ऐकत होतो. वहिनींनी रेडिओ दोन्ही हातांत धरला होता. विमान खाली टेकल्यावर त्या म्हणाल्या, "भाऊजी, घरी एकदा विचारलं तर चारदा 'अं?' करतात. आणि इथे बघा कसं नीट बोलतायत." आणि त्यांनी पदर नसलेल्या कोटाच्या बाहीने डोळे पुसले.

त्या नीट बोलण्याचा मी, भाषेचा मास्तर म्हणून, नंतर थोडा अभ्यास केला. कोणाला हाक मारतो, मी कोण, कुठे आहे, काय हवे आहे, या क्रमाने चार गोष्टी. 'रॉजर' म्हणजे तुमचे बोलणे पोचले, एवढेच. ते मान्य आहे असा त्याचा अर्थ नाही. मान्य असून तसे करणार असेन, तर 'विल्को'. ऐकू आले नाही, तर 'से अगेन', आणि असे म्हणण्यात कोणी लाज मानीत नाही. आमच्या वर्गात शंभर मुले माना डोलावतात, तो होकार 'रॉजर' असतो की 'विल्को', हे मला वीस वर्षांत कळलेले नाही. आता मी कधी कधी विचारतो. 'सर, पुन्हा सांगा' म्हणणाऱ्या मुलाचे मी पूर्वीपेक्षा मनापासून स्वागत करतो.

पुढल्या वर्षी, २०२४ च्या जुलैत, दादा त्याच विमानातून ऑशकॉशच्या जत्रेला गेला. १९७० पासून हौशी विमानकारांचा हा मेळा तिथे भरतो आणि त्या आठवड्यात हजारो विमाने एका विमानतळावर उतरतात. रिपन गावापासून ती रेल्वेच्या रुळांवरून एकामागे एक येतात आणि फिस्क नावाच्या खेड्यापाशी जमिनीवर उभे असलेले नियंत्रक त्यांना रंग आणि आकार पाहून हाक मारतात. एवढ्या गर्दीत प्रत्येकजण उत्तर देऊ लागला, तर शिट्ट्यांशिवाय काही ऐकू येणार नाही. म्हणून तिथे वैमानिकाने बोलायचे नसते. ऐकायचे आणि ऐकू आले याची खूण म्हणून पंख हलवायचे.

दादाने फोनवर सांगितले, "अरे, एवढा रेडिओ जुळवला, आणि तिथे एक अक्षर बोललो नाही. त्याने हाक मारली, मी पंख हलवले. तो म्हणाला, छान, या." मागून वहिनींचा आवाज आला, "मी शेजारीच होते म्हणावं. मला सगळं स्पष्ट ऐकू आलं."